रिकामं कॅरियर

१

सामान टेम्पोतून जाईल, सायकलवर फक्त माणूस बसेल, असं मयुराने ठरवून टाकलं तेव्हा चिकूच्या शेडमध्ये कोणी हरकत घेतली नाही. मैत्रीण भाविका मांडीवर फोन ठेवून रस्त्याचा नकाशा बघत होती. धाकटा भाऊ ऋषभ उलट्या क्रेटवर बसून चिकू खात होता. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, वजनकाट्यापाशी उभे राहून क्रेट मोजत होते. काटा आजोबांच्या वेळचा, लोखंडी फळीचा. फळीवर क्रेट ठेवला की वरची पितळी दांडी ठक करून आडव्या पट्टीला आपटायची आणि बाबा सरकतं वजन हळूच पुढे नेत तिला खाली आणायचे. घोलवडच्या त्या वाडीत मयुराच्या लहानपणापासून दुपारचा आवाज म्हणजे हाच. ठक, आणि मग शांतता.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांची सायकल सफर काढायची, डहाणूहून किनाऱ्याने नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी, झाई, तिथून आत तलासरी, मग कासा आणि आशागड करत परत डहाणू, हे मयुराच्या डोक्यात दिवाळीपासून होतं. सुट्टी आली की माणसं मोठमोठ्या गाड्या थेट वाळूत घालतात, खेकड्यांची बिळं चिरडतात आणि संध्याकाळी बाटल्या टाकून निघून जातात. मयुराला याचा संताप यायचा. अर्ज-विनंत्या करून बघितल्या होत्या. आता तिला दाखवायचं होतं की हाच किनारा पायाच्या जोरावर बघता येतो.

आई चहा घेऊन आली आणि ऋषभकडे बघत म्हणाली, “याला तेवढा सोड.”

ऋषभ पावसाळ्यात टायफॉइडने महिनाभर पडून होता. अजून त्याची पँट कमरेवर ठरत नव्हती.

“आई, त्याच्यासाठीच तर टेम्पो केलाय,” मयुरा म्हणाली. “तुझ्या लेकाच्या पाठीवर काडीचंही वजन येणार नाही. शब्द देते.”

“आली मोठी शब्द देणारी,” आई म्हणाली, पण कप ठेवून गेली, म्हणजे परवानगी मिळाली.

बाबांनी मान न वळवता म्हटलं, “कॅरियर अगदीच रिकामं नको पण. नारळ-बिरळ काहीतरी बांधा.”

बाबांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर कायम एक नारळ असायचा, जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. नारळ नसला तर वीट. त्या रस्त्यावरचे निम्मे लोक काही ना काही बांधतात. चपला दाराबाहेर काढतो तसं ते होतं, आणि मयुराने आजवर त्याबद्दल विचारलं नव्हतं.

“का?”

“बरं दिसत नाही.”

“कोणाला?”

बाबांनी सरकतं वजन एक खाच पुढे नेलं. “शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देतो का? तसंच.”

“भांडं शेजारीण बघते, बाबा. कॅरियर कोण बघतं?”

भाविका हसली. “आमचे पप्पापण वीट बांधतात. विचारलं तर म्हणे, आदत.”

“हीच ती आदत,” मयुरा म्हणाली. “कारण विचारायचं नाही, फक्त ओझं वाहायचं. ग्रुपवर टाक गं. कॅरियर पूर्ण रिकामं. नारळ, वीट, दगड काही चालणार नाही.”

भाविकाने टाकलं. बाबांनी पुढचा क्रेट उचलून फळीवर ठेवला.

२

सफरीच्या आदल्या रविवारी मयुरा आणि ऋषभने पहिल्या टप्प्याची तालीम केली. टेम्पोवाल्या लाहूने सकाळी दोन्ही सायकली डहाणूला सोडल्या आणि तिथून दोघं घरी निघणार होते.

मयुराची सायकल गियरची, बारीक टायरची. तिला कॅरियर नव्हतंच. ऋषभची मात्र कॉलेजला जायची जुनी काळी सायकल होती आणि बाबांनी तिच्या कॅरियरवर गुपचूप एक नारळ बांधून दिला होता.

“बाबांची कमाल आहे,” मयुरा म्हणाली. तिने पट्टी सोडली, किनाऱ्यावरच्या कठड्यावर नारळ फोडला, आणि दोघांनी पाणी पिऊन खोबरं खाल्लं. नारळ गोड निघाला. करवंट्या तिने कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, वाळूत नाही.

नरपड मागे पडेपर्यंत ऋषभ पुढे होता आणि शीळ वाजवत होता. तिथून रस्ता सुरूच्या बनातून जातो आणि एका मोरीच्या छोट्या पुलावर उजवीकडे वळतो. मोरीखाली भरतीचं पाणी येऊन थांबतं. बनात सुरूच्या सुया पडून पडून जमीन गादीसारखी झालेली असते, त्यामुळे तिथे चाकाचा आवाजही येत नाही. मयुरा वळण पार करून बरीच पुढे गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की शीळ थांबली आहे.

ऋषभ मागून येत होता, उभा राहून पायडल मारत. चढ नव्हता.

“ताई, ब्रेक घासतोय का बघ ना.”

तिने मागचं चाक उचलून फिरवलं. ते छान फिरलं, टिकटिक करत फिरतच राहिलं. ब्रेक मोकळे होते. साखळीला तेल होतं.

“चेन ठीक आहे, टायर ठीक आहे. तूच ढिला झालास.”

“असेन,” तो म्हणाला आणि परत बसला. तो बसला तसा मागचा टायर रिमपर्यंत दबला. मयुराला वाटलं, हवा कमी आहे. तिने अंगठ्याने दाबून बघितला होता, दगडासारखा कडक होता, तरीही तिला तसंच वाटलं.

ओहोटी होती. चिखल्याला ते खाली ओल्या वाळूत उतरले, कारण ती वाळू डांबरासारखी घट्ट असते आणि सायकल सुरेख पळते. मयुरा नागमोडी वळणं घेत गेली. मग तिने थांबून मागे बघितलं.

तिच्या चाकांचे माग दोऱ्यासारखे होते, नुसता ओरखडा. ऋषभच्या सायकलचे वळणावर दोन माग वेगळे झाले होते. पुढच्या चाकाचा उथळ होता. मागच्या चाकाचा बोटभर खोल होता, आणि त्यात पाणी भरत होतं.

जुनी सायकल, जाड टायर, मयुराने स्वतःला सांगितलं. पण पुढचा टायरही तेवढाच जाड होता.

३

घरी आल्यावर ऋषभ ओटीवर पालथा पडला. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. आईने मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि मयुराकडे एकदा बघितलं. ते बघणं मयुराला झोंबलं. तिने सायकल उचलून शेडमध्ये नेली, काट्याच्या फळीवर चढवली आणि स्टँडवर उभी केली. एकदाचं कळू दे, हे लोखंड आहे तरी किती जड.

ठक.

सायकल भरल्या क्रेटएवढी भरायला हवी होती. तिने सरकतं वजन तेवढ्यावर आणलं. दांडी खाली येईना. तिने आणखी सरकवलं, मग आणखी. दांडी पट्टीला चिकटून राहिली. चांगल्या धिप्पाड माणसाएवढ्या वजनावर ती एकदाची हलली आणि अधांतरी थरथरत राहिली. निर्जीव, स्थिर वजनाने ती अशी थरथरत नाही. फळीवर कोणी उभं राहून श्वास घेत असेल तर थरथरते. लहानपणी दोघं भावंडं त्यावर उभी राहायची, म्हणून तिला माहीत होतं.

ती बघत असतानाच दांडी धाडकन खाली पडली. सायकल जागची हलली नव्हती. फक्त मागचा टायर गोल झाला होता, आणि स्टँडची स्प्रिंग कुरकुरून थांबली.

शेडमध्ये चिकूंचा गोड वास होता. कौलांच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. दाराकडच्या एका पट्टीतली धूळ ढवळली गेली आणि हळूहळू परत बसली.

“बाबा,” तिने हाक मारली, आणि आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला नवल वाटलं. “काटा बिघडलाय का?”

बाबा दारात आले. त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. ते सायकलच्या कॅरियरकडे बघत होते.

“नारळ कुठाय?”

“खाल्ला.”

“मोरीच्या आधी का नंतर?”

“आधी. बाबा, काय असतं तिथे? सांगा ना सरळ. असं अर्धवट बोलायचं आणि मग आम्ही घाबरायचं, हे मला चालत नाही.”

“मला नाही माहीत,” बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. “माझ्या बापाने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मोरीच्या आधी बांधायचं, एवढंच. तू तरी विचारशील असं वाटलं होतं, पण तू विचारलंस ते बांधायचं सोडल्यावर.”

त्यांनी कोपऱ्यातली वीट घेतली आणि पट्टीचे चार वेढे देऊन कॅरियरवर आवळली.

जेवताना ऋषभला हुशारी आली होती. तो वरणात भात कालवत म्हणाला, “ताई, ते वजन नव्हतं गं. म्हणजे होतं, पण वजनाचं काही नाही. कॉलेजला मी मित्रांना डबलसीट नेतोच की.”

“मग?”

“नवख्या माणसाला मागे बसवलं तर वळणावर तो आपल्याबरोबर झुकत नाही बघ. घाबरून ताठ बसतो, मग आपला तोल जातो. तसं होत होतं. मी उजवीकडे झुकलो की ते ताठच.”

आईचा हात वाढता वाढता थांबला. “जेव आधी,” ती म्हणाली.

मयुराने फोन उघडला. ग्रुपवर तिचाच मेसेज होता, कॅरियर पूर्ण रिकामं, त्याखाली सगळ्यांचे अंगठे. त्याखाली आता काय लिहायचं होतं तिने? नारळ बांधा? डहाणूच्या कॉलेजातली अर्धी मुलं तिच्या शब्दावर येत होती. गेल्या वर्षी याच मुलांसमोर ती अंधश्रद्धेवर तावातावाने बोलली होती. काटा जुना आहे. पोरगा आजारातून उठलाय. तिने फोन उपडा ठेवला.

बाहेर शेडमधून आवाज आला. ठक.

“मांजर असेल,” मयुरा म्हणाली. घरात मांजर नव्हतं.

४

ऋषभ शुक्रवारीच डहाणूला मामाकडे मुक्कामाला गेला. पट्टीने बांधलेली वीट घेऊनच गेला, बाबांनी स्वतः बघून पाठवलं. शनिवारी सकाळी सगळ्यांनी डहाणूहून सुटून न्याहारीला वाडीवर यायचं आणि मयुराने पुढे त्यांच्यात सामील व्हायचं, असं ठरलं होतं. तिने शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या. अंगणातल्या चुलीवर आईने उपम्याचं पातेलं चढवलं. झाडांतून कोवळं ऊन येत होतं आणि मयुराला आठवडाभरात पहिल्यांदा हलकं वाटत होतं.

लाहूचा टेम्पो आधी आला. मागे बॅगांचा ढीग होता. लाहूने उतरून पाणी मागितलं.

“निघाले का सगळे?”

“केव्हाचे. तुमच्या भाविकाताई लय कडक हां. सायकली रांगेत उभ्या केल्या आणि एकेक कॅरियर तपासलं. कोणी नारळ बांधलेला, कोणी दगड. सगळं माझ्या टेम्पोत. म्हणाल्या, मयुराची ऑर्डर आहे.”

“ऋषभचं?”

लाहूने ढिगाकडे हात केला. बॅगांच्या वर एक वीट पडली होती, ट्यूबच्या पट्टीसकट.

“तो नको म्हणत होता,” लाहू म्हणाला. “ताई म्हणाल्या, तुझी बहीणच लीडर आणि तूच नियम मोडणार? पोरं हसली, मग त्याने दिली.” त्याने तांब्या रिकामा केला आणि तो परत देताना आपल्या खिशातला एक पेरू त्यात टाकला. हे त्याने न बघताच केलं. “मी तर टेम्पो कधी रिकामा आणत नाही त्या बाजूने.”

मयुराने फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा भाविकाने उचलला.

“बोल पटकन. सायकल चालवतेय.” तिला धाप लागली होती.

“कुठे पोचलात?”

“मोरी गेली आत्ताच. अगं, वारा काय आहे समोरून. सगळ्यांचे वांदे झालेत. जिग्नेशसारखा पैलवान उभा राहून मारतोय.”

मयुराने चुलीकडे बघितलं. धूर बोर्डीच्या दिशेला वाकला होता. वारा त्यांच्या पाठीमागून होता.

“भाविका, थांबा तिथेच. सगळ्यांना उतरव.”

“थांबून काय करू? चालू द्या एकदा, पोचतोच.”

“ऋषभ कुठाय?”

“शेवटी आहे. मजेत आहे तो. बोलतोय.”

“कोणाशी?”

फोनवर नुसता दमल्याचा श्वास ऐकू आला. मग भाविका म्हणाली, “अरे, हो ना. त्याच्या मागे तर कोणी नाहीये.” आणि हसल्यासारखं करत, “मान वळवून बोलतोय सारखा. पडेल गाढव.”

फोन कट झाला. मयुराने लाहूला टेम्पो काढायला सांगितलं. पण लाहू किल्ली हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, “सामान उतरवल्यावर मागे रिकामं होणार. आणि भरलेला नेला तर बसवू कुठे कोणाला?” तिला आधी त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. मग तिला कळलं की त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती.

५

ते आले. फाटकातून एकेक सायकल आत येत होती आणि अंगणातली माती करकरत होती. सगळे घामाने भिजलेले, लालबुंद, तरीही हसत होते. “मयुरा, तुझ्या किनाऱ्याने जीव घेतला,” कोणीतरी म्हणालं. “परत जाताना आम्ही टेम्पोत, सामान सायकलवर.” चिकूच्या झाडांखाली रांगेने सायकली उभ्या राहिल्या आणि सगळे उपम्याच्या वासाने विहिरीकडे हात धुवायला पळाले.

मयुरा सायकलींपाशीच थांबली. तिच्या शेजारी बाबा येऊन उभे राहिले.

सायकलींवर आता कोणी नव्हतं. रांगेतल्या प्रत्येक सायकलचं मागचं चाक मातीत दबलं होतं, रबर दोन्ही बाजूंना फुगून आलं होतं. सायकली वेगवेगळ्या होत्या, जाड टायरच्या, बारीक टायरच्या, नव्या, जुन्या. दबल्या सगळ्या सारख्याच होत्या.

मग पहिल्या सायकलचा टायर फुगला. म्हणजे हवा भरल्यासारखा नाही. ओझं उतरल्यावर जसा एकदम गोल होतो तसा, आणि सायकल स्टँडवर जराशी डुलली. मग दुसरी डुलली. मग तिसरी. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागून एक, सावकाश. आपलं ठिकाण आलं की माणसं उतरतात, घाई न करता, एकमेकांना वाट देत.

विहिरीवर पाणी उडवल्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. शेडमध्ये कोणीच गेलं नव्हतं.

शेडमधून आवाज आला. ठक. मग पुन्हा ठक. मग पुन्हा.

बाबांनी तिचा दंड धरला. लहानपणानंतर त्यांनी तिला असं कधी धरलं नव्हतं, आणि तेवढ्याने तिच्या डोक्यातलं जुना काटा, आजारी पोरगा, समोरचा वारा हे सगळं कोणी ओल्या फडक्याने पुसावं तसं गेलं.

“ऋषभ,” ती म्हणाली.

ऋषभ फाटकातच होता. तो सायकलवरून उतरला नव्हता. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, दोन्ही हात हँडलवर घट्ट. त्याच्या मागच्या चाकाखाली मातीत खळगा पडला होता.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला. “हे उतरत नाहीये.”

ती त्याच्यापाशी गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो शहाण्यासारखा बोलत होता, परीक्षेला बसल्यासारखा.

“मी त्याला विचारलं, कुठे सोडू. सगळ्या रस्त्याने विचारत आलो. मी उतरलो तर ते सायकलवर राहील का माझ्याबरोबर येईल, ते मला कळत नाहीये. म्हणून थांबलोय.”

मयुरा त्याच्या मागे आली. आणि तिला ते दिसलं.

त्याचा शर्ट. कमरेच्या दोन्ही बाजूंना शर्टाच्या चुण्या पडल्या होत्या, गोळा होऊन, मागे ओढल्यासारख्या. डबलसीट बसलेलं माणूस पुढच्याचा शर्ट मुठीत धरतं तशा. सायकल थांबली होती, वारा पडला होता, तरी त्या चुण्या सुटल्या नव्हत्या. ती बघत असताना डावीकडची चुणी सुटली आणि जरा वर, त्याच्या बरगड्यांपाशी, पुन्हा आवळली गेली.

ओसरीवरून आईने विचारलं, “काय गं, उतरत का नाही तो? बरा आहे ना?” तिच्या हातात उलथणं होतं.

काडीचंही वजन येणार नाही. शब्द दिला होता तिने.

मयुराने विचार केला नाही. जागा भरलेली असली की कोणी बसत नाही, एवढंच तिला आठवलं. नारळ, वीट, काहीही. तिने दात आवळले, पाय टाकला आणि ऋषभच्या मागे कॅरियरवर बसली. लोखंड थंड होतं, ओल्या वाळूसारखं थंड. टायर तिच्या वजनाने जराही खाली गेला नाही. त्याला जायला जागाच उरली नव्हती.

“कोण? तू बसलीस?” ऋषभने मान न वळवता विचारलं.

“मी आहे. चल, फाटकाबाहेर काढ. परत मोरीपाशी जाऊ. हळू घे.”

तोल सावरायला तिचे हात आपोआप त्याच्या कमरेशी गेले, त्या चुण्यांवर. बोटं आत घालायला गेली तर जात नव्हती. चुण्या आतून भरलेल्या होत्या.

तिने हात मागे घेतले आणि आपल्या मांडीवर ठेवले. दोन्ही. तिला ते दिसत होते.

ऋषभच्या खांद्यांतला ताठरपणा गेला. लहानपणी झोप लागायच्या आधी सोडायचा तसा त्याने श्वास सोडला.

“आता बरं वाटतंय,” तो म्हणाला. “आता कळतंय तू आहेस ते. घट्ट धर हं ताई.”

शर्ट आणखी ताणला गेला.

“धरलंय,” मयुरा म्हणाली.